वकीलपत्र नसलेला वकील

भाष्यकार हा शब्द आपल्याकडे एके काळी फार जपून वापरीत असत. पाणिनीच्या सूत्रांवर पतंजलीने लिहिले ते महाभाष्य; ब्रह्मसूत्रांवर शंकराचार्यांनी, रामानुजांनी आणि मध्वाचार्यांनी लिहिली ती भाष्ये. सूत्रे तीच आणि अर्थ मात्र तीन. तरी त्यामुळे कोणाची फसगत झाल्याचे ऐकिवात नाही. अद्वैताचे भाष्य अद्वैती लिहितो आणि द्वैताचे द्वैती, हे पहिले पान उलगडण्यापूर्वीच वाचकाला ठाऊक असे. शिवाय प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून आधी नीट मांडल्यावाचून आपला सिद्धान्त सांगण्याची सोय भाष्यकाराला नव्हती. आमच्या गोमन्तकात तर स्मार्त आणि वैष्णव घरे एकाच वाड्यावर नांदली. कोण कोणत्या मठाचा हे सर्वांना माहीत असल्यामुळे वाद झाला तरी तो उघड होई आणि उघडपणेच मिटे.

हल्ली हा शब्द रात्री नऊ वाजता दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसतो. चौकोनात एक चेहरा, त्याखाली नाव, आणि नावाखाली ‘राजकीय भाष्यकार’ किंवा ‘राजकीय विश्लेषक’ अशी पाटी. त्यांपैकी काही जन्माचे पत्रकार असतात, काही प्राध्यापक असतात. परंतु अलीकडे या चौकोनांत एक तिसरा वर्ग येऊन बसला आहे. काल-परवापर्यंत एखाद्या पक्षाला निवडणूक जिंकण्याचा सल्ला मोबदला घेऊन देणारा सल्लागार, आज त्याच निवडणुकीचा अर्थ सर्व लोकांना सांगू लागतो. गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी सर्वणास देवळाच्या सभामंडपात आरती आटोपून आम्ही काही मंडळी पावसाची सर ओसरण्याची वाट पाहत बसलो होतो. बोलण्यात असाच एक गृहस्थ निघाला. आमच्यातील एका वयोवृद्ध महाजनांनी मला विचारले, “वकीलबाब, टीव्हीचेर तो मनीस उलयता न्ही, तो कोणाचो वकील?” मी म्हटले, तो वकील नव्हे, पूर्वी पक्षांना निवडणुकीचा सल्ला देत असे, आता विश्लेषण करतो. म्हातारबाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हटले, “म्हळ्यार आदीं पयशे घेवन सांगतालो, आनी आतां फुकट सांगता? कित्याक?”

या ‘कित्याक’ला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. वीस वर्षे डिचोलीच्या कोर्टात उभे राहून साक्षीदारांना प्रश्न विचारण्यात गेली. पण इतका नेमका उलटतपास मला क्वचितच साधला असेल.

या वर्गातील आज सर्वांत ठळक नाव प्रशांत किशोर यांचे. बिहारातील हे गृहस्थ. संयुक्त राष्ट्रांच्या सार्वजनिक आरोग्यविषयक कामातून ते राजकारणाच्या अंगणात आले. २०१२ साली गुजरातेत आणि त्यानंतर २०१४च्या लोकसभेच्या निवडणुकीत नरेंद्र मोदी यांच्या प्रचाराच्या आखणीत त्यांचा हात होता. ‘चाय पे चर्चा’ ही कल्पना त्याच काळातली. पुढच्याच वर्षी बिहारात ते मोदींच्या विरोधात, नीतीश कुमार आणि लालूप्रसाद यांच्या आघाडीच्या बाजूस उभे राहिले आणि ती आघाडी विजयी झाली. २०१७ साली पंजाबात अमरिंदर सिंग यांना यश लाभले, परंतु त्याच वर्षी उत्तर प्रदेशात काँग्रेसच्या पदरी मोठे अपयश आले. २०१९ साली आंध्रात जगनमोहन रेड्डी, २०२० साली दिल्लीत केजरीवाल, २०२१ साली बंगालमध्ये ममता बॅनर्जी आणि तामिळनाडूत स्टालिन अशी पुढची यादी. मध्यंतरी २०१८ पासून २०२०च्या आरंभापर्यंत ते संयुक्त जनता दलाचे उपाध्यक्षही होते. पुढे पक्षाने त्यांना काढून टाकले.

आज याच्या बाजूस, उद्या त्याच्या प्रतिपक्षाच्या बाजूस, या गोष्टीला लोक सहज नाक मुरडतात. मला त्यात दोष दिसत नाही. मी आज सावकाराचे काम चालवितो, उद्या कुळाचे. एका खटल्यात देवस्थान समितीचा वकील असतो, तर दुसऱ्यात समितीवर दावा लावणाऱ्या महाजनांचा. धंद्याची नीती अशिलाच्या रंगावर ठरत नाही. ज्याचे वकीलपत्र घेतले त्याच्याशी इमान राखले की नाही, आणि ते वकीलपत्र न्यायासनाच्या समोर ठेवले की नाही, यावर ती ठरते. पहिल्या कसोटीबद्दल मला येथे काही म्हणावयाचे नाही. माझा प्रश्न दुसरीचा आहे.

२ मे २०२१ रोजी, बंगालचा निकाल लागत असतानाच, किशोर यांनी आपण हे काम आता सोडीत असल्याचे दूरचित्रवाणीवर जाहीर केले. त्यांनी उभी केलेली संस्था मात्र चालू राहिली, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ती तृणमूल काँग्रेसच्या कामासाठी आमच्या गोव्यात येऊन दाखल झाली. वाचकांना तो हंगाम आठवत असेल. रातोरात फलक लागले. ‘गोंयची नवी सकाळ’ ही घोषणा कोकणीत आली. गृहलक्ष्मी योजनेत घरच्या बाईला महिना ५,००० रुपये देण्याचे आश्वासन आले आणि त्याची कार्डे घरोघर पोचली. हे काम करणारी तरुण मुले हुशार होती, कष्टाळू होती, आणि आमच्या भागात वाट विचारीत हिंडताना दिसत. डिसेंबरमध्ये तृणमूलची महाराष्ट्रवादी गोमन्तक पक्षाशी युती झाली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी मतदान झाले आणि १० मार्चला निकाल लागला. भाजपला २०, काँग्रेसला ११, मगोला २. तृणमूलला चाळिसांत एकही नाही. निकालानंतर मगोने भाजपला पाठिंबा दिला. आमच्या डिचोलीने तर पक्षांचे सगळे गणित बाजूस सारून अपक्ष उमेदवार निवडून दिला.

वकील या नात्याने एक आकडा येथे नोंदवतो. त्या निवडणुकीत गोव्यातील विधानसभेच्या उमेदवाराला जास्तीत जास्त २८ लाख रुपये खर्च करण्याची मुभा होती. पक्षाच्या खर्चाला मात्र आपल्या कायद्यात मर्यादा नाही. तृणमूलने आयोगाला दिलेल्या हिशेबात गोव्याचा खर्च ४७ कोटींच्या वर गेलेला आहे. सुमारे साडेअकरा लाख मतदारांच्या या चिमुकल्या राज्यात, जेथे एकेका मतदारसंघात तीस हजारांच्या आतबाहेर मते असतात आणि उमेदवाराचे आजोळ कोणते हेही मतदाराला ठाऊक असते, तेथे सल्ल्याचा धंदा केवढा वाढला आहे हे यावरून ध्यानात यावे.

परंतु त्या हंगामातील माझ्या मनात राहिलेली गोष्ट खर्चाची नव्हे. ऑक्टोबर २०२१मध्ये गोव्यातच एका प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात किशोर असे बोलले, की भाजप जिंको वा हरो, पुढील कित्येक दशके तो भारतीय राजकारणाच्या केंद्रस्थानी राहणार आहे, आणि लोक लवकरच त्याला दूर सारतील या समजुतीत राहुल गांधी चुकत आहेत. त्या बोलण्याची ध्वनिचित्रफीत देशभर फिरली. वर्तमानपत्रांनी ते एका जाणत्या निरीक्षकाचे मत म्हणून छापले. मत विचारपूर्वक बनविलेले होते, यात मला शंका नाही. कदाचित ते खरेही ठरेल. तथापि बोलणारा त्या वेळी गोव्यात कशासाठी आला होता? त्याची संस्था ज्या पक्षाचे काम पाहत होती, त्या पक्षाला गोव्यात काँग्रेसचीच जागा घ्यावयाची होती. मग ते वाक्य भाष्य म्हणावयाचे की युक्तिवाद? मी त्या वाक्याकडे पुष्कळ वेळा वळून पाहिले आहे. ते दोन्ही असू शकते, आणि बोलणाऱ्यालाही कदाचित सांगता येणार नाही की त्यात किती अंश कशाचा. ऐकणाऱ्याला मात्र तो प्रश्न सुचावा एवढी तरी सोय हवी होती. पुष्कळांना तो सुचलाच नाही.

आमच्या धंद्यात ही सोय कायद्याने करून ठेविली आहे. १८७२च्या पुरावा कायद्याचे १२६ वे कलम असे, की अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीवाचून बाहेर बोलता कामा नये. आणि काम संपले तरी हे बंधन संपत नाही. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमाने घेतली आहे, तत्त्व तेच. गंमत अशी, की १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही १२६ वे कलम मौनाचेच आहे! मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीसारख्या साधनांनी निवडणुकीचा प्रचार दाखवावयाचा नाही, असे ते सांगते; आणि त्याला पुढे जोडलेले १२६-अ हे कलम मतदान चालू असता मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास मनाई करते. हा योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण वकिलाला असल्या योगायोगांचे वेड असते, ते वाचकांनी सोसावे.

सल्लागाराला यांपैकी पहिले मौन बांधीत नाही, आणि दुसरे दोनच दिवस बांधते. त्यामुळे तो भाष्यकार झाला की विचित्र पेच उभा राहतो. त्याच्या बोलण्याला किंमत येते ती त्याने स्वयंपाकघर आतून पाहिले आहे म्हणून. कोणत्या वाड्यावर कोणता कार्यकर्ता नाराज आहे, कोणत्या घोषणेने बायका वळतात, पाहणीतील कोणता आकडा जाहीर केला आणि कोणता दडविला, हे त्याला कळलेले असते. आणि हे सारे ज्ञान अशिलाच्या पैशाने मिळविलेले असते. ते बाहेर सांगावे तर जुन्या अशिलाचा घात होतो. न सांगावे तर श्रोत्याला मिळते ते कोणीही सांगू शकेल असे सामान्य बोलणे, आणि त्यावर मोहोर मात्र आतल्या माहितगाराची. दोघांपैकी एकाची फसवणूक अटळ आहे, असे मला वाटू लागले होते.

मग हा पेच माझ्याच दाराशी आला. अलीकडच्या एका निवडणुकीत मी एका उमेदवाराचे कायद्याचे काम पाहिले. उमेदवारी अर्ज, त्याबरोबरचे प्रतिज्ञापत्र, छाननीच्या वेळी निघालेली हरकत आणि तिला दिलेले उत्तर एवढेच ते काम. पण त्या निमित्ताने महिनाभर त्यांच्या बैठकीत बसावे लागले. मतमोजणीच्या आदल्या दिवशी एका वृत्तवाहिनीकडून बोलावणे आले. दिवसभर बसून निकालांवर बोलायचे. नावाखाली ‘राजकीय विश्लेषक’. मी म्हटले, येतो. मात्र त्या पाटीत अमुक उमेदवाराचे वकील असेही लिहा. पलीकडून बोलणारा तरुण अतिशय सौजन्याने म्हणाला, “सर, तसे लिहिले तर तुमच्या बोलण्याला वजन काय राहणार?” मला आमच्या बाजारातील जुना तराजू आठवला. पारड्याला दुकानदाराचे बोट लागलेले असले की वजन वाढते हे खरे.

मी गेलो नाही. दिवसभर घरी बसून पाहिले. मला देऊ केलेल्या जागेवर जे गृहस्थ बसले होते, ते दुसऱ्या एका उमेदवाराचे काम पाहत होते, हे कोर्टातील ओळखीमुळे मला ठाऊक होते. पाटीवर मात्र ‘विश्लेषक’ एवढेच. ते उत्तम बोलले. माझ्याहून चांगले बोलले असतील. मला खरा धक्का बसला तो चार दिवसांनी. माझे अशील भेटीस आले ते रुसून. ते म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही त्या खुर्चीवरून त्रयस्थासारखे दोन शब्द आमच्याकरिता बोलला असता तर लोकांना ते खरे वाटले असते. आम्ही स्वतः बोललो तर कोण ऐकतो?” मी काय चुकवले आहे हे त्यांनी मला मोठ्या सरळपणाने समजावून दिले. त्यांचे पुढचे काम दुसऱ्या कचेरीत गेले. घरी सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, की त्या खुर्चीवर बसण्याचे किती मिळणार होते.

येथे कोणी विचारील, की सल्लागार आणि भाष्यकार एकाच अंगरख्यात असणे ही गोष्ट काय आजची आहे? मुळीच नाही. मराठीत तर तिचे फार मोठे उदाहरण आहे, आणि ते एका वकिलाचेच आहे. साताऱ्यास वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर १८९६ साली टिळकांच्या बोलावण्यावरून पुण्यास आले. टिळकांचा लॉ क्लास, ‘मराठा’, ‘केसरी’, सभा, ठराव, पत्रव्यवहार, होमरूल लीगची चिटणिशी. टिळकांच्या राजकारणाचा कारभार ज्यांच्या हाताखालून गेला त्यांत केळकर अग्रभागी होते. १८९७ साली टिळक तुरुंगात गेले तेव्हा ‘केसरी’ची जबाबदारी त्यांच्यावर आली, १९०८च्या खटल्यावरील लेखनाबद्दल न्यायालयाच्या बेअदबीची शिक्षाही त्यांनी भोगली. टिळकांच्या मृत्यूनंतर ‘केसरी’तून देशाच्या राजकारणावर भाष्य करणारी लेखणी त्यांची होती, आणि १९२३ साली ते मध्यवर्ती विधिमंडळातही निवडून गेले. म्हणजे एकाच वेळी पक्षाचे मुत्सद्दी, सभासद आणि भाष्यकार. टिळकांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. त्याचा पहिला खंड १९२३चा, पुढचे दोन १९२८चे.

तरी मला केळकरांविषयी ती अस्वस्थता वाटत नाही, आणि ती का वाटत नाही हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. त्यांचा मवाळ, तडजोडीकडे झुकणारा स्वभाव मला जवळचा वाटतो, हे एक कारण असेल. आम्हां वकिलांना समेटाची आवड असतेच. पण त्याहून मोठे कारण असे, की ‘केसरी’ हे नाव हेच त्यांचे वकीलपत्र होते. ते मथळ्यावर, दर अंकी, मोठ्या टाइपात छापलेले असे. प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार ते करीत तेव्हा त्या पक्षाचे ते धुरीण आहेत हे पुण्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक होते. ज्याला पटत नसे तो त्यांच्याशी भांडे. आणि पुष्कळ लोक भांडले. टिळकचरित्र वाचतानाही आपण अनुयायाच्या डोळ्यांनी पाहत आहोत हे वाचक विसरत नाही, आणि म्हणूनच त्यातील आतल्या माहितीचा त्याला निर्धास्त उपयोग करून घेता येतो. अमेरिकेत विल्यम सफायर हे अध्यक्ष निक्सन यांची भाषणे लिहीत असत. १९७३ साली ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्तंभलेखक झाले आणि १९७८ साली त्यांना भाष्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते कोणाच्या दरबारातून आले हे तेथेही कोणापासून लपलेले नव्हते. पुढे आपलाही टेलिफोन त्याच दरबाराने चोरून ऐकविला होता हे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी त्यावर सडकून लिहिले. जुन्या धन्याविषयीचा राग आणि लोभ दोन्ही वाचकाच्या डोळ्यांदेखत.

लांब कशाला, १९६७चा आमचा जनमत कौल घ्या. विलीनीकरण की संघप्रदेश, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांपुढे होता. ‘गोमन्तक’ एका बाजूस, ‘राष्ट्रमत’ दुसऱ्या बाजूस. ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर येई. विलीनीकरणाच्या विरुद्ध, आणि तेही मराठीत! डिचोली-पेडण्याकडे विलीनीकरणाचा जोर होता. आमच्या घरच्या वडील माणसांना ते सदर झोंबत असे, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. झोंबे, पण ते मिळवून वाचीत. कारण बाण कोणत्या भात्यातला आहे हे स्पष्ट होते, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पत्रात मिळे. १,७२,१९१ मते संघप्रदेशाला, १,३८,१७० विलीनीकरणाला. ३४,०२१ मतांनी तो प्रश्न सुटला. त्या निकालाचे दुःख अजून उराशी धरणारी माणसे आमच्या तालुक्यात आहेत, आणि आनंद मानणारीही. परंतु त्रयस्थ म्हणून आलेल्या कोणी आपल्याला चकविले असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही.

कौल या शब्दावरून सुचले म्हणून सांगतो. निवडणुकीच्या अंदाजांना मराठी वृत्तपत्रे ‘कौल’ म्हणतात, पण आपल्या देवळांत कौल म्हणजे काय हे वाचकांस सांगावयास नको. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि पाकळी कोठली पडते ते पाहतात. गाऱ्हाणे ज्याचे, तो समोर हात जोडून उभा असतो. पाकळ्या लावणारा दुसरा असतो. जमिनीच्या तंट्यात वादीनेच पाकळ्या लावल्या आणि वादीनेच प्रसाद उजवा झाल्याचे सांगितले, तर प्रतिवादी देवळाची पायरीसुद्धा चढणार नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत किशोर पुन्हा पडद्यावर आले, या वेळी मुख्यतः भाष्यकार म्हणून. भाजप आपल्या ३०३ जागा राखील किंवा थोडी पुढे जाईल असे ते सांगत राहिले. प्रत्यक्षात २४० झाल्या. अंदाज चुकणे हा अपराध नव्हे. अंदाज चुकल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि यापुढे जागांचे आकडे सांगणार नाही असेही म्हटले. हे मला आवडले. त्यांची बाजू घेऊन आणखी एक सांगितले पाहिजे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी बिहारात जन सुराज हा स्वतःचा पक्ष काढला आणि २०२५च्या निवडणुकीत तो रिंगणात उतरविला. एकही जागा मिळाली नाही. परंतु त्या दिवसापासून ते काय बोलतात आणि कोणाच्या बाजूने बोलतात याविषयी संदेह उरलेला नाही. दुसऱ्याचे वकीलपत्र घेणाऱ्याने अखेर स्वतःचाच दावा दाखल केला. तो फेटाळला गेला, ही गोष्ट निराळी.

अशा माणसांना बोलू देऊ नये असे मी म्हणत नाही. कधी एकाही प्रचारात पाय न घातलेल्या पंडितांनी २०२२ साली आमच्या डिचोलीचे जे विश्लेषण केले ते ऐकले असते, तर कोणीही अनुभवी सल्लागाराला पसंती दिली असती. प्रश्न त्या नावाखालच्या पाटीचा आहे. तेथे आणखी एक ओळ मावते. कोणाचे काम केले आणि केव्हापर्यंत केले, एवढीच ती ओळ. तिची सक्ती करणारा कायदा आज आपल्याकडे नाही, आणि वाहिन्या ती आपण होऊन लिहितील असे मला मिळालेल्या उत्तरावरून वाटत नाही. म्हातारबाबांना मी अलीकडे हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हटले, की टीव्हीवाले लिहीत नसतील तर तू कोणाचा वकील आहेस ते आधी तूच सांगत जा. म्हणून या मासिकाच्या संपादकांना मी कळविले आहे, की पुढील निवडणुकीवर माझ्याकडून लेख हवा असेल तर माझ्या हाती त्या वेळी ज्या उमेदवाराचे, पक्षाचे किंवा देवस्थान समितीचे काम असेल त्याचे नाव लेखाच्या मथळ्याखाली छापावे. त्यांचे उत्तर आले आहे. जागा थोडी आहे, पण तेवढी ओळ बसवू, असे त्यांनी लिहिले आहे.